चूक तुमची, व्याज आमचं

आयकर खात्याला तुमच्याबद्दल सगळं ठाऊक असतं. पगार किती, ठेवीवर व्याज किती, कुठल्या कंपनीचा लाभांश कुठल्या महिन्यात जमा झाला, सगळं. तरीही दर वर्षी उन्हाळा सरता सरता खातं निरागस चेहऱ्याने विचारतं, ‘गेल्या वर्षी किती मिळवलंत बरं?’ डब्यातल्या लाडवांचा हिशेब पाठ असलेली आजी नातवाला ‘किती खाल्लेस रे?’ असं विचारते, त्यातलाच हा प्रकार. लाडू किती गेले ते आजीला पक्कं माहीत असतं. पोरगं काय सांगतंय, एवढंच तिला बघायचं असतं.

खात्याकडच्या या हिशेबाला वार्षिक माहिती विवरण म्हणतात, बोलताना एआयएस. नोव्हेंबर २०२१पासून ते आपल्यालाही पोर्टलवर बघायला मिळतं. बँका, म्युच्युअल फंड, कंपन्या, दुय्यम निबंधकांचं कार्यालय, सगळे आपापल्या परीने त्यात भर घालतात. बचत खात्यात वर्षभरात १० लाख रोख भरा, ३० लाखांचं घर घ्या, क्रेडिट कार्डाची बिलं १० लाखांवर जाऊ द्या. तुमच्या बायकोला कळायच्या आधी खात्याला कळतं.

मग एवढं कळतं तर रिटर्न खात्यानेच भरावं की! तर तेही बरंचसं भरतं. पगार, व्याज, कापलेला कर हे रकाने पोर्टलवर आधीच भरलेले मिळतात. आपल्याला उरतं शेवटचं काम. वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आणि पूर्ण आहे, अशी ग्वाही द्यायची आणि ओटीपी टाकायचा. माहिती त्यांची, शपथ आपली. बँक आकडा चुको, कंपनी कर भरायला विसरो, पोर्टल मान टाको. चूक ज्याच्या पॅनवर उतरली तो तिचा धनी. रिटर्नच्या हंगामाचा सगळा कारभार या एका नियमावर चालतो.

समजा, भलत्याच माणसाचं व्याज तुमच्या एआयएसमध्ये येऊन बसलं. घाबरायचं कारण नाही. ‘ही माहिती माझी नाही’ असं नोंदवायची सोय आहे. तुम्ही तसं नोंदवलंत की खातं ज्या बँकेने चुकीची माहिती पाठवली तिलाच विचारतं, ‘काय हो, तुमची माहिती चुकीची आहे का?’ बँकेने मान डोलावली तर सुटलात. बँक गप्प बसली तर बसा वाट बघत. तोवर जुलै संपतो.

अडीच तास कमी एक दिवस

कागदोपत्री रिटर्न भरायला आपल्याला १ एप्रिल ते ३१ जुलै असे चार महिने मिळतात. त्यातली मेख अशी, की शेवटच्या तिमाहीतल्या टीडीएसचा हिशेब कंपन्यांनी द्यायचा ३१ मेपर्यंत आणि फॉर्म सोळा तुमच्या हातात पडायचा १५ जूनपर्यंत. म्हणजे चारांपैकी अडीच महिने कागदांची वाट बघायचे आणि दीड महिना धावपळीचा. वर भाषण ऐकायचं : ‘करदात्यांनी शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.’

आपणही काही कमी नाही म्हणा. २०२४ साली ३१ जुलैपर्यंत ७ कोटी २८ लाख रिटर्न भरली गेली, त्यातली जवळपास ७० लाख एकट्या शेवटच्या दिवशी. त्या संध्याकाळी सात ते आठ या एका तासात ५ लाख ७ हजार. त्या तासाला टीव्हीवरच्या मालिकांना प्रेक्षक कुठून मिळाले, कोण जाणे.

पण खरा रंग भरला तो २०२५च्या हंगामात. त्या वर्षी फॉर्म बदलले, ते भरायची सॉफ्टवेअरं रखडली, तेव्हा खात्याने मे महिन्यातच ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढवून टाकली. इथवर ठीक. आयटीआर-२ भरायची सोय त्यानंतरही ११ जुलैपर्यंत आली नव्हती. शेअर-म्युच्युअल फंडवाले तोवर हातावर हात धरून बसले. पुढे सप्टेंबर उजाडला, पोर्टल अडखळायला लागलं आणि मोबाइलवर बातमी फिरली, मुदत ३० सप्टेंबरपर्यंत वाढली! खात्याने ठणकावून सांगितलं, ही खोटी बातमी आहे, मुदत १५ तारखेचीच. लोकांनी ऐकलं. १५च्या रात्री महाराष्ट्रातल्या समस्त सीए मंडळींच्या घरी जेवणाची ताटं झाकून ठेवलेली होती. आणि बारा वाजायला काही मिनिटं उरली असताना खात्याने जाहीर केलं : मुदत एक दिवस वाढवली, आता १६ सप्टेंबर.

बातमी खोटी होती हे खरंच. पण ती पूर्ण खोटी नव्हती, चौदा दिवसांनी खोटी होती.

गंमत इथेच संपली नाही. मुदत वाढवल्याचं सॉफ्टवेअरलाही कळवावं लागतं. म्हणून १६ तारखेला रात्री बारा ते अडीच पोर्टल दुरुस्तीसाठी बंद! एक दिवस दिला, त्यातले पहिले अडीच तास लगेच परत घेतले. इथेही टीडीएस.

साहेब सापडले, रिफंड नाही

ऐन धांदलीत, २४ जुलैला, खातं आयकर दिवस साजरा करतं. १८६० साली याच तारखेला भारतात आयकर आला. आणणाऱ्याचं नाव जेम्स विल्सन. लंडनच्या ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाचे हे संस्थापक. १८५७च्या उठावानंतर रिकामी झालेली तिजोरी भरायला त्यांना इकडे धाडलं होतं. कर लागू झाला आणि तीन आठवड्यांच्या आत, ११ ऑगस्टला, साहेब कलकत्त्यात आमांशाने गेले. आपण लावलेल्या कराचं पहिलं वर्षही त्यांना बघता आलं नाही. दीडशे वर्षं आपण बघतोय.

विल्सनसाहेबांची कबर पुढे विस्मृतीत गेली. २००७ साली ती कलकत्त्यात शोधून काढली एका आयकर अधिकाऱ्यानेच. खात्याने मनावर घेतलं तर दीडशे वर्षांपूर्वी मेलेला माणूसही सापडतो. सापडत नाही तो गेल्या वर्षी अडकलेला रिफंड.

खात्याचं कालनिर्णय

रिटर्न भरलं म्हणजे सुटलात असं समजू नका. तीस दिवसांत ते पडताळायचं. पूर्वी १२० दिवस होते, ऑगस्ट २०२२पासून तीस. पडताळणी राहिली तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. आधार मोबाइलशी जोडलेलं नसेल, ओटीपी येत नसेल, तर कागदावर सही करून तो बेंगळुरूला स्पीडपोस्टाने पाठवायचा. रिटर्नमध्ये खोट निघाली तर ती दुरुस्त करायला पंधरा दिवस. बेंगळुरूच्या केंद्राने तुमच्या आकड्यांत फेरफार सुचवला तर उत्तराला तीस दिवस. जुन्या येण्यापोटी रिफंड वळता करू का, असं विचारलं तर एकवीस दिवस. नोटीस ईमेलवर येते आणि त्या एकवीस दिवसांतले निम्मे ती स्पॅममध्ये काढते. पण मोजायला सुरुवात झालेली असते.

आता खात्याची मुदत बघा. तुम्ही रिटर्न ज्या आर्थिक वर्षात भरलंत, ते वर्ष संपल्यापासून नऊ महिने. जुलै २०२५मध्ये भरलेल्या रिटर्नचं काय झालं ते कळवायला खात्याला कायद्याने ३१ डिसेंबर २०२६पर्यंत सवड आहे. सतरा महिने! मधल्या काळात तुम्ही पुढच्या वर्षीचंही रिटर्न भरून, त्याचीही पडताळणी करून बसलेले असता. तुम्हाला दिवस, त्यांना महिने.

जानेवारी २०१९मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नव्या यंत्रणेसाठी ४,२४२ कोटी रुपये मंजूर केले, तेव्हा सांगितलं होतं की रिटर्न तपासायला ६३ दिवस लागतात, ते आता एका दिवसावर येतील. एक दिवस! कुठला, ते सांगायचं राहिलं. नवं पोर्टल ७ जून २०२१ला सुरू झालं आणि पहिल्याच दिवसापासून असं काही बसलं की ऑगस्टमध्ये ते बांधणाऱ्या इन्फोसिसच्या सीईओंना अर्थमंत्र्यांनी दिल्लीला बोलावून जाब विचारला. बोलावण्याच्या आदल्या दोन दिवसांत तर पोर्टल उघडतच नव्हतं. अर्थमंत्र्यांचं पोर्टल चालेना तर त्या सीईओला बोलावू शकतात. आपलं चालेना तर आपण हेल्पलाइनला फोन लावतो आणि तिथली धून पाठ करतो.

खोटं कशाला बोला, वेग वाढला आहे. २०१३-१४ साली रिटर्न तपासायला सरासरी ९३ दिवस लागायचे, ते दहावर आले, असं फेब्रुवारी २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पात सांगितलं गेलं. सोमवारी भरलं आणि पुढच्या सोमवारी पैसे जमा, असे भाग्यवान प्रत्येक सोसायटीत एक-दोन असतात. लिफ्टमध्ये भेटले की तेवढंच सांगतात. एक पगार, एक घर, एक बँक एवढ्यावर ज्याचं आयुष्य भागतं, त्याचं रिटर्न झरकन निघतं. मध्येच नोकरी बदललीत, आईच्या औषधपाण्याची वजावट मागितलीत, चार शेअर विकलेत, की यंत्राच्या भुवया वर जातात. मग ‘रिटर्न प्रक्रियेत आहे’ हे वाक्य तुम्ही रोज सकाळी चहाबरोबर वाचता.

तक्रार करायची सोय आहेच. ई-निवारण नावाची. तक्रार नोंदवली की उत्तर येतं, आपल्या विभागाच्या अधिकाऱ्याशी संपर्क साधा. अधिकारी सांगतो, हे आमच्या हातात नाही, बेंगळुरूला विचारा. दरम्यान पोर्टलवर तुमच्या तक्रारीपुढे ‘निवारण झाले’ असा हिरवा शिक्का बसलेला असतो. निवारण कुणाचं, ते विचारू नये. खात्याच्या डोक्यावरची एक तक्रार कमी झाली, हेही निवारणच.

एक टक्का आणि अर्धा टक्का

कर भरायला तुम्हाला उशीर झाला तर व्याज दरमहा एक टक्का. आगाऊ कर कमी भरला, एक टक्का. डिमांड आल्यावर तीस दिवसांत पैसे दिले नाहीत, एक टक्का. आणि तुमचेच पैसे परत द्यायला खात्याने उशीर केला तर? दरमहा अर्धा टक्का. तुमचा रुपया खात्याकडे अडकला की त्याची किंमत निम्मी होते. खात्याचा तुमच्याकडे अडकला की दुप्पट.

अर्ध्या टक्क्यालाही अट आहे. रिफंड तुमच्या एकूण कराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर व्याज शून्य. तुमचा कर ६० हजार आणि रिफंड ५,९०० असेल, तर खातं ते वर्षभर फुकट वापरणार. उलट बाजूला अशी दहा टक्क्यांची माया फक्त आगाऊ करापुरती.

यातूनही अर्धा टक्का पदरात पडला, तर तो तुमचं उत्पन्न झाला! पुढच्या वर्षी ‘इतर उत्पन्ना’त दाखवायचा आणि त्यावर कर भरायचा. उशीर खात्याचा, भरपाई तुमची, भरपाईवर कर पुन्हा खात्याला. दाखवायला विसरलात तर एआयएस आहेच. रिफंडवर किती व्याज दिलं त्याची नोंद तिथे चोख असते. रिफंडपेक्षा ती नोंदच लवकर पोहोचते.

रिटर्नला उशीर झाला तर दंड वेगळा : पाच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर एक हजार, त्यावर असेल तर पाच. शिवाय यंदाचा तोटा पुढच्या वर्षी ओढायची सोय गेली आणि पगारदाराला जुनी करप्रणाली निवडायचा हक्कही गेला. खात्याच्या उशिराला दंड किती? आकडा शोधून थकाल. तो कायद्यात नाही.

कायदा मोठा की सॉफ्टवेअर?

कायदे संसद करते असं आपण नागरिकशास्त्रात शिकलो. तो धडा आता जुना झाला. नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला कलम ८७ए खाली २५ हजारांपर्यंत करसवलत होती. २०२४च्या हंगामात सुरुवातीला ज्यांनी रिटर्न भरलं त्यांना ती शेअरच्या अल्पकालीन नफ्यावरच्या करातही मिळत होती. ५ जुलैला सॉफ्टवेअर बदललं आणि त्या नफ्यापुरती सवलत गायब! कायद्यातला एक स्वल्पविरामही हलला नव्हता. ४ जुलैला भरलं तो शहाणा, ५ला भरलं तो कर्जबाजारी.

मुंबईची चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स ही सल्लागारांची संस्था हे गाऱ्हाणं घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने आधी उशिराच्या रिटर्नची मुदत ३१ डिसेंबरवरून १५ जानेवारी २०२५पर्यंत वाढवायला लावली आणि २४ जानेवारीला निकाल दिला. त्याचा मथितार्थ असा, की सवलत मागायचा करदात्याचा हक्क सॉफ्टवेअर हिरावून घेऊ शकत नाही. मागणी चूक की बरोबर, ते खात्याने नंतर रीतसर ठरवावं.

खात्याने निकालाचा मान राखला. मागायची खिडकी उघडली, लोकांनी सवलत मागितली आणि मागोमाग ती नाकारल्याच्या डिमांड नोटिसा धाडल्या. मागायचा हक्क शाबूत, द्यायचं बंधन नाही. पुढे सप्टेंबर २०२५मध्ये परिपत्रक निघालं. ज्यांना ही सवलत आधी चुकून दिली गेली होती, त्यांनी ३१ डिसेंबरपर्यंत पैसे परत केले तर त्यावरचं व्याज माफ. सवलत दिली खात्याच्या यंत्राने, काढून घेतली खात्याच्या यंत्राने, आणि माफी मिळाली करदात्याला.

कापणारा मोकळा, कापला गेलेला नोटिशीत

कंपनीने तुमच्या पगारातून कर कापला आणि सरकारात भरलाच नाही, असं होतं. बुडत्या कंपन्यांत हमखास होतं. अशा वेळी कलम २०५ सांगतं, कर एकदा कापला गेला की तो नोकरदाराकडे पुन्हा मागायचा नाही. कायदा स्वच्छ आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१५ आणि २०१६ साली अधिकाऱ्यांना त्याची आठवणही करून दिली. पण अधिकाऱ्याला आठवण करून देता येते, यंत्राला नाही. यंत्र फॉर्म सव्वीस एएस उघडतं, तिथे कर जमा दिसत नाही, ते डिमांड काढतं. तुमच्या पगाराच्या पावतीवर कापलेला आकडा ठसठशीत असतो. तो वाचायला माणूस लागतो आणि पहिल्या पायरीवर आता माणूस ठेवलेला नाही.

ती डिमांड मग तुमच्या नावापुढे पडून राहते आणि पुढल्या वर्षी रिफंड निघाला की त्याच्यावर झडप घालते. देव देतो आणि कर्म नेतं, ते असं.

अशा जुन्या डिमांडी किती जुन्या असाव्यात? फेब्रुवारी २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पात सरकारने २००९-१०पर्यंतच्या २५ हजारांच्या आतल्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ या काळातल्या १० हजारांच्या आतल्या डिमांडी मागे घेतल्या. साधारण एक कोटी लोकांना फायदा होईल असं सांगितलं. त्यातल्या काही थेट १९६२ सालच्या होत्या. चीनचं युद्ध झालं त्या वर्षीच्या! युद्ध महिनाभरात संपलं, डिमांड बासष्ट वर्षं लढत राहिली. या क्षुल्लक रकमांमुळे प्रामाणिक करदात्यांचा जीव टांगणीला लागतो आणि त्यांचे पुढचे रिफंड अडतात, ही कबुली अर्थसंकल्पाच्या भाषणातच होती. कबुली छान होती. अडलेल्या रिफंडांवर दरमहा एक टक्क्याने काही मिळालं का, ते भाषणात नव्हतं.

रिफंड मंजूर झाला तरी तो खात्यात पडायला बँक खातं आधी प्रमाणित व्हावं लागतं आणि तिथे महाराष्ट्र हमखास नापास होतो. पासबुकावर आधी आडनाव, पॅनवर आधी नाव, आधारवर वडिलांच्या नावामागे ‘राव’, आणि बँकेत ‘राव’ गळालेलं. आजींच्या ‘बाई’ची कथा आणखी निराळी : रेशनकार्डावर आहे, पॅनवर नाही. लग्न झालेल्या मुलीचं तर विचारूच नका. पॅन माहेरचं, आधार सासरचं, पासबुक दोन्हीकडचं. उत्पन्नावर कर लावताना ही सगळी माणसं खात्याला एकच वाटतात. पैसे द्यायची वेळ आली की निराळी वाटायला लागतात.

आता आपली बाजू

हे सगळं वाचून ज्यांना उकळ्या फुटल्या त्यांनी हा परिच्छेद गाळू नये. चोराच्या मनात चांदणं असतं, आणि जुलैत ते बऱ्याच मनांत पडतं. ‘आमच्याकडे एक माणूस आहे, रिफंड काढून देतो, कमिशन घेतो’ हे वाक्य ऑफिसच्या कँटीनमध्ये तुम्ही ऐकलं आहे. त्या माणसाची युक्ती साधी असते. कुणी कधी नाव न ऐकलेल्या राजकीय पक्षाला तुमची देणगी, नसलेल्या घराचं भाडं, न काढलेल्या विम्याचा हप्ता, न घेतलेल्या शैक्षणिक कर्जाचं व्याज. आयुष्यभर गणपतीच्या वर्गणीसाठी दार न उघडणारी माणसं कागदावर एकदम दानशूर होतात.

१४ जुलै २०२५ला खात्याने अशा दलालांवर देशभरात दीडशे ठिकाणी कारवाई केली. ज्या राज्यांतले कारनामे खात्याने नाव घेऊन सांगितले, त्यांत महाराष्ट्रही होता. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपली रिटर्न निमूटपणे सुधारली आणि १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले. खात्याच्या एका ईमेलने एवढी माणसं सन्मार्गाला लागतात, हे मान्य करावंच लागेल. कीर्तनाने लागत नाहीत.

पण चाळणी एवढी बारीक झाली की खड्यांबरोबर गहूही अडकतो. दलालाचं गिऱ्हाईक आणि खरोखर औषधाची बिलं जपून ठेवलेला पेन्शनर, दोघांचा रिफंड एकाच शेऱ्याखाली थांबतो. त्यातला पहिला रिटर्न सुधारून मोकळा होतो. दुसऱ्याने सुधारायचं काय? त्याचं बरोबरच असतं.

नवा कायदा, जुना हिशेब

१९६१चा आयकर कायदा निवृत्त झाला. नवा कायदा २१ ऑगस्ट २०२५ला राष्ट्रपतींच्या सहीने मंजूर झाला आणि १ एप्रिल २०२६पासून लागू झाला. ५३६ कलमं, भाषा पूर्वीपेक्षा सोपी, ‘आकारणी वर्ष’ नावाचा छळ बंद, त्याजागी सुटसुटीत ‘कर वर्ष’. चांगलंच झालं. सगळ्या सासुरवाशिणींना आपण कुठल्या वर्षाचं रिटर्न भरतोय ते पहिल्यांदाच कळेल. सासऱ्यांनाही.

पण या विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात एक कलम हळूच येऊन बसलं होतं : रिटर्न मुदतीत भरलं नाही तर रिफंड मागता येणार नाही. म्हणजे पोर्टल अडलं, आजारपण आलं, एक दिवस चुकला, तर तुमचेच कापलेले पैसे सरकारजमा. संसदेच्या प्रवर समितीच्या ते लक्षात आलं, तिने आक्षेप घेतला आणि सुधारित विधेयकातून ते गेलं. हे कलम लिहिताना लिहिणाऱ्याचा हात जराही अडखळला नसेल, याची मला खात्री आहे. खात्याच्या रोजच्या वागण्यात जे मुरलेलं आहे, तेच त्याने कायद्याच्या भाषेत उतरवलं.

तर आता कायदा नवा आहेच, शाई ओली आहे, तोवर आमचीही छोटीशी सूचना. फार मोठं काही नाही. जी कलमं करदात्याला लागतात तीच खात्याला लावावीत, नवी लिहायचे कष्टही नकोत. व्याज दोन्हीकडे एक टक्का. नोटिशीला उत्तर द्यायला आम्हाला एकवीस दिवस, तर आमच्या उत्तराला उत्तर द्यायला खात्यालाही एकवीस. बाविसाव्या दिवशी आमचं म्हणणं मान्य झालं असं धरावं. पोर्टल जेवढे तास बंद, तेवढे तास मुदतीत आपोआप जमा. मध्यरात्री घोषणा करायची धावपळ वाचेल. आणि रिफंडला ठरल्या मुदतीपेक्षा उशीर झाला तर खात्याने करदात्याला पाच हजार रुपये विलंब शुल्क द्यावं. ज्याचा रिफंड लहान त्याला एक हजार, आम्हीही दयामाया जाणतो.

या पाच हजारांवर खात्याने खुशाल दहा टक्के टीडीएस कापावा. फक्त तो आमच्या सव्वीस एएसमध्ये वेळेवर दिसला पाहिजे.